तोंड नसलेली मांजर

गेल्या श्रावणात भाचीबरोबर तुळशीबागेत गेले होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या धाकट्या सुनेची मंगळागौर होती, तिला काहीतरी घ्यायचं होतं. भातुकलीच्या दुकानासमोर मी नेहमीसारखी रेंगाळले आणि भाची पलीकडच्या गाळ्यावर पर्सेस बघत उभी राहिली. तिनं एक गुलाबी पर्स उचलली. वर पांढरी मांजर. डोक्यावर एका बाजूला लाल बो, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, पिवळं नाक, दोन्हीकडे तीन-तीन मिशा. मी दुकानदाराला म्हटलं, "अहो, हिला तोंड काढायचं राहून गेलंय." तो हसला. "ताई, हिला तोंड नसतंच. तोंड असलं तर समजायचं डुप्लिकेट."

तेव्हा मीही हसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

भाची माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. चोवीस वर्षांची. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींची आता नवलाई राहिलेली नाही. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि गल्लोगल्लीचे खासगी वर्ग यांतून दरवर्षी कितीतरी जणं परीक्षा देतात, त्यांतलीच ही एक. एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली. पहिल्याच महिन्यात साहेबांनी तिला सांगितलं, "फोनवर आवाज जरा वरच्या पट्टीत ठेव, गोड ठेव. जपानी लोकांना आवडतं." तिच्याबरोबर, तीच परीक्षा पास होऊन एक मुलगाही लागला होता. त्याच्या पट्टीची चौकशी कुणी केली नाही. सहा महिन्यांनी तो बैठकीत बसायला लागला. हिला मात्र पाहुण्यांच्या स्वागताला साडी नेसून, गुच्छ घेऊन दारात उभं राहायला सांगितलं गेलं. तिनं नाराजी दाखवली, तर "अगं, तू किती गोड दिसतेस म्हणून सांगितलं" असं उत्तर मिळालं. यावर भांडायचं तरी कसं? कुणी शिवी दिली तर तक्रार करता येते. कौतुकाची तक्रार कुठे नोंदवायची?

मैत्रिणींनो, या गोडपणाबद्दल आपण फारसं बोलत नाही. मारहाण, हुंडा, छेडछाड यांवर बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण ज्या गोष्टीनं बाईला गोंजारून लहान ठेवलं जातं, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही, कारण ती गोष्ट आपल्यालाही आवडते.

जपानी भाषेत या गोंडसपणाला 'कावाइई' म्हणतात. भाचीनं मला या शब्दाची कुळकथा सांगितली. जुन्या जपानीत याचा अर्थ होता चेहरा लाजेनं लाल होणं, ओशाळणं. त्यावरून अर्थ झाला कीव यावी असा, दीनवाणा. आणि मग होत होत प्रेम करावंसं वाटेल असा, लाडका. 'बिचारा' या अर्थाचा जपानी शब्द आजही याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे जो दुबळा, त्याची कीव येते, आणि ज्याची कीव येते तो गोड वाटतो. आपल्याकडे 'गरीब गाय' हे सुनेचं कौतुकच असतं की नाही? आणि "मुकी बिचारी कुणीही हाका" हे तिचं पुढचं आयुष्य!

ती मांजर १९७४ साली सान्रिओ या जपानी कंपनीत जन्मली. चित्र काढणारी युको शिमिझु ही एक तरुण बाई होती. पुढच्या वर्षी हे चित्र प्रथम बाजारात आलं ते नाणी ठेवायच्या छोट्या पाकिटावर. आज ही 'हॅलो किटी' जगभर दप्तरांवर, डब्यांवर, विमानांवरसुद्धा आहे. तोंड का नाही, याचं कंपनीचं स्पष्टीकरण असं, की बघणाऱ्याला स्वतःची भावना तिच्यात पाहता यावी. तुम्ही आनंदी तर ती आनंदी, तुम्ही दुःखी तर ती दुःखी. आणखी एक गंमत आहे. २०१४ साली क्रिस्टीन यानो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी किटीवरच्या प्रदर्शनासाठी मजकूर लिहिला, तेव्हा कंपनीनं त्यांना दुरुस्ती सुचवली: किटी मांजर नाही, ती एक लहान मुलगी आहे. म्हणजे घरोघरी पोचलेली ही मुलगी अशी, की जिला स्वतःची भावना नाही, समोरच्याची भावना हीच तिची भावना, आणि तोंड तर मुळातच नाही. हिच्यासाठी स्थळं शोधायची वेळ आली तर आपल्या वधूवर सूचक मंडळांत रांग लागेल!

हे सगळं नुसत्या चित्रांपुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. पण गोंडसपणाला मानसशास्त्राचा भक्कम आधार आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं, की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय ही बाळाची ठेवण दिसली की माणसाच्या मनात जपण्याची भावना आपोआप जागी होते. मूल जगावं म्हणून निसर्गानं केलेली ही सोय. हिरोशिमा विद्यापीठातल्या हिरोशी नित्तोनो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांची चित्रं पाहिल्यावर विद्यार्थ्यांनी चिमट्यानं बारीक वस्तू उचलण्याचं काम अधिक काळजीपूर्वक केलं. म्हणजे गोंडस वस्तू बघून माणूस हळुवार होतो, लक्ष देतो. यात वाईट काही नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. 'किती गोड, खाऊन टाकू का' म्हणत आपण बाळाचा गालगुच्चा घेतो, कधीकधी बाळ रडेपर्यंत. अमेरिकेत ओरियाना आरागॉन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याच प्रवृत्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार गोड काही दिसलं की ते चिरडावं, दाबावं अशी ऊर्मी अनेकांना होते. तसं खरोखर कुणी करत नाही, भावनेचा पूर ओसरायची ती एक वाट असते, असं त्या सांगतात. पण ज्या बाईचं 'गोड' म्हणून कौतुक होतं, तिचा गालगुच्चा घ्यायला परवानगी लागत नाही, असं कितीतरी पुरुषांना वाटतं, हा अनुभव तुम्हाला-मला नवीन नाही. लेस्ली झेब्रोविट्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तर १९८० नंतरच्या दोन दशकांत दाखवून दिलं, की ज्या मोठ्या माणसांचा चेहरा बाळासारखा असतो, ती लोकांना प्रामाणिक आणि प्रेमळ वाटतात, पण भोळी, दुबळी आणि ऐकून घेणारीही वाटतात. नोकरी देताना त्यांना आपुलकीची आणि हाताखालची कामं जास्त सहज सुचवली जातात, पुढारपणाची नाहीत. माझ्या भाचीच्या हातात गुच्छ का आला, याचं उत्तर इथं आहे.

मग जपानी बायकांनी हे मुकाट्यानं स्वीकारलं का? इथं मात्र गोष्ट सरळ नाही, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे.

१९७० नंतरच्या वर्षांत जपानी शाळकरी मुलींनी एकदम वेगळं अक्षर काढायला सुरुवात केली. गोल-गोल, गुबगुबीत, मध्येच बदाम आणि चांदण्या. त्याला 'मांजराच्या पिल्लाचं अक्षर' असंही म्हणत. ते वाचता येत नाही म्हणून मास्तर वैतागले, काही शाळांनी त्यावर बंदी घातली. शॅरन किन्सेला या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये लिहिलं, की हा गोंडसपणा आधी मुलींनी स्वतः निर्माण केला, कंपन्यांनी तो मागाहून उचलला. मोठं होणं म्हणजे ऑफिसात चहा देणं, आणि मग लग्न करून घरात अडकणं, असं जिथं ठरलेलं, तिथं त्या मुली म्हणत होत्या, की आम्हाला मोठं व्हायचंच नाही. जपानमध्ये नोकरीतल्या समान संधीचा कायदा झाला १९८५ साली. त्याआधीच्या मुलींपुढे दुसरी वाट तरी कोणती होती?

बंड होतं, यात शंका नाही. पण दुबळ्याचं बंड. ते विकत घेणं फार सोपं गेलं. १९८० नंतर मात्सुदा सेइको या गायिकेच्या गोड लाजण्याची लाट आली आणि मुद्दाम गोड वागणाऱ्या मुलीला 'बुरिक्को' हे कुचकं नाव पडलं. म्हणजे गोड नसशील तर पंचाईत, आणि फार गोड असशील तर ढोंगी. पुढे सरकारनंही हा गोंडसपणा हाताशी धरला. तोक्योच्या पोलीस दलाचं १९८७ पासून गोड बाहुलं आहे. १९९३ मध्ये अणुइंधनाचं काम करणाऱ्या सरकारी महामंडळानं तर एक गोंडस कार्टून मुलगा काढला आणि प्लुटोनियम प्यालं तरी घाबरायचं कारण नाही, असं त्याच्या तोंडून सांगितलं. टीका झाली तेव्हा ती फीत मागे घ्यावी लागली. २००९ मध्ये परराष्ट्र खात्यानं तीन तरुणींना 'कावाइई'च्या राजदूत नेमलं. ज्याला प्रश्न नको असतात, त्याला गोंडस चेहरा फार उपयोगी पडतो.

आणि या सगळ्यानंतर जपानी बाई कुठे आहे? जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या स्त्री-पुरुष विषमतेच्या यादीत १४८ देशांत जपान ११८ वा आहे. एवढा श्रीमंत, शिकलेला देश! आपण हसू नये, आपण १३१ वे आहोत.

जपानकडून पुण्यानं काही घ्यायची ही पहिली वेळ नव्हे. हिंगण्याला विधवांसाठी आश्रम चालवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं. आजचं एसएनडीटी ते हेच. तोक्योचं विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी काढलं. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून शिकवावं असं ते म्हणत. पण त्या काळचं जपान सरकार मुलींना शिकवत होतं ते 'चांगली पत्नी, शहाणी माता' घडवण्यासाठी. आपल्याकडेही स्त्रीचं कार्यक्षेत्र वेगळं, तेव्हा तिचं शिक्षणही वेगळं, हाच युक्तिवाद होता.

पण शिक्षणाचं असं आहे, की देणाऱ्यानं काहीही हेतू ठेवला तरी घेणारी पुढे काय करील ते सांगता येत नाही. त्याच तोक्योच्या विद्यापीठातून, तेही गृहशास्त्र विभागातून, १९०६ साली हिरात्सुका राइचो नावाची मुलगी बाहेर पडली आणि १९११ मध्ये तिनं मैत्रिणींना घेऊन 'सेइतो' हे बायकांचं मासिक काढलं. बायकांनी लिहिलेलं, बायकांनी चालवलेलं. आपल्यासारखंच! त्याच वर्षी मात्सुइ सुमाको या नटीनं इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मधली नोरा जपानी रंगभूमीवर उभी केली आणि पुढच्या जानेवारीत 'सेइतो'नं नोरावर विशेष मजकूर छापला. सरकारनं मासिकाच्या काही अंकांवर बंदी घातली, १९१६ मध्ये ते बंद पडलं. मराठीत नोराची छाया 'कुलवधू'त आली ती १९४२ साली, मो. ग. रांगणेकरांनी लिहिलेल्या आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी गाजवलेल्या नाटकात. नोराचा नवरा तिला मारझोड करत नाही, हे विसरू नका. तो तिला चिमणी म्हणतो, खारुताई म्हणतो. तिला घर सोडावं लागतं ते या लाडांमागे काय आहे ते कळल्यावर.

आपल्या घरातही हे सगळं होतंच, त्यासाठी जपानी मांजर यायची गरज नव्हती. ज्या बालगंधर्वांच्या साडीची, केसांची, गजऱ्याची नक्कल पुण्या-मुंबईच्या बायका करत, ते पुरुष होते. नाजूक बाई कशी दिसते हे आपल्या आज्या-पणज्या एका पुरुषाकडून शिकल्या. आणि मराठीत बाईला लावायचे वाईट शब्द आठवून बघा. तोंडाळ, फटकळ, तोंड सुटलेली, तोंड वर करून बोलणारी, जिभेला हाड नसलेली. सगळी भानगड तोंडाशीच येऊन थांबते. तोंड असलं तर डुप्लिकेट!

आता माझी कबुली. १९८६ साली लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आले. मला बी.एड. करायचं होतं. सासऱ्यांना चहा नेऊन दिला, दाराशी उभी राहिले आणि आवाज बारीक करून म्हटलं, "अप्पा, एक विचारू का? रागावणार नाही ना?" अप्पा खूश झाले. परवानगी मिळाली. थोरल्या जाऊबाईंनी दोनच वर्षं आधी टायपिंगच्या वर्गाला जायचं म्हणून सरळ विचारलं होतं, "मला जायचंय, संध्याकाळचा स्वयंपाक कोण बघेल ते ठरवू या." त्यांना नकार मिळाला, आणि 'तोंडाळ' हे नाव कायमचं चिकटलं. मी लाडीगोडीनं शिकले. त्या खऱ्या बोलल्या म्हणून राहिल्या. तेव्हा मला माझं चातुर्य वाटलं होतं. आज वाटतं, मी दार उघडलं नाही. मी फटीतून आत शिरले आणि माझ्यामागे दार होतं तसंच राहिलं.

मग काय भाचीची पर्स फेकून द्यायला लावायची? मी तसं म्हणणार नाही, आणि याचं कारण आपल्या इतिहासातच आहे. रमाबाई रानड्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं, आनंदीबाई जोश्यांचं नवव्या. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, तर त्याला याच पुण्यात केवढा विरोध! १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, अठरा झालं ते १९७८ मध्ये. परकर सुटला की नऊवारी, मधल्या वयाला आपल्याकडे जागाच नव्हती. मंगळागौरीचे खेळ आठवा. झिम्मा, फुगड्या, रात्रभर जागरण. लग्न झालेल्या त्या पोरींना वर्षातून एक रात्र पुन्हा पोर होण्याची सूट होती. आज ज्या वयाची मुलगी गुलाबी पर्स घेऊन फर्ग्युसन रस्त्यावर खिदळते, ते वय तिच्या पणजीला मिळालं नव्हतं. आणि आजही सगळ्यांना मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पुरी होण्याआधी झालं होतं. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला तेराव्या-चौदाव्या वर्षी कुणी गोंडस म्हणत नाही. तिच्या हातात कोयता देतात. गोंडस असणं ही सोयदेखील वर्गाप्रमाणे आणि जातीप्रमाणे वाटली जाते, हे विसरून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

तेव्हा खेळू द्या, हसू द्या, बदाम-चांदण्या काढू द्या. फक्त एक गोष्ट तपासू या. हा गोडपणा तिला हवा तेव्हा उतरवून ठेवता येतो का? पर्स खुंटीला अडकवता येते. आवाज अडकवता येतो का? गोड नसली तरी तिला बैठकीत खुर्ची मिळते का, बी.एड.ला जाता येतं का, नवऱ्याला "नाही" म्हणता येतं का? येत असेल तर तो खेळ. येत नसेल तर ती सक्ती, मग ती कितीही गुलाबी असो.

मुलांच्या बाबतीतही बघायला हवं. गेली वीस वर्षं आपली मुलं हिंदीतला 'डोरेमॉन' बघत जेवतात. त्यातली शिझुका हुशार आहे, समंजस आहे. आणि नोबिता पुन्हापुन्हा तिच्या न्हाणीघरात चुकून पोचतो, ती किंचाळते, आणि हा विनोद असतो. आपण वरणभात भरवताना तो ऐकतो आणि काही म्हणत नाही. टीव्ही बंद करा असं मी सांगत नाही. मुलाला एवढं विचारा, "तिला हे आवडलं असेल का रे?" तोंड नसलेल्यांच्या वतीनं निदान प्रश्न तरी विचारला जाईल.

भाचीनं अखेर साहेबांना लेखी कळवलं, की दुभाषी म्हणून नेमणूक झाली आहे, तेव्हा बैठकीत बसण्याचं काम मिळावं. अजून उत्तर आलेलं नाही. मंगळागौरीच्या रात्री तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. सदुसष्ट वर्षांच्या जाऊबाई नुकत्याच फुगडी घालून धापा टाकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज चढवायला सांगितला होता ना? मग चढव की!" सगळ्याजणी खो-खो हसल्या.

घरी येताना मी तिला सवयीनं 'चिमू' म्हणून हाक मारली. ती म्हणाली, "मावशी, घरात म्हण. पण माझ्या ऑफिसच्या लोकांसमोर नको." मला आधी थोडं लागलं. मग पटलं.

तुमच्या घरात, कामावर, गोड राहण्याची किंमत कोण मोजतंय? आणि लाडीगोडीनं मिळवलेलं काही तुमच्याही गाठीशी असेल, तर तेही लिहा. माझ्या एकटीच्या कबुलीनं काही होणार नाही.